खालून चार बोटं

— कापणार नाही म्हटलं ना. खालून चार बोटं सोडा, सूतभरसुद्धा कापणार नाही. हे फ्रेमचं दुकान आहे साहेब, शिंप्याचं नाही — फ्रेम लहान निघाली म्हणून चित्र आखूड करायचं? आणि कुठून आणलीत ही? हमरस्त्यावरच्या त्या मोठ्या फर्निचरवाल्याकडून ना? वाटलंच मला. काळी कुळकुळीत, कोपरे आत्ताच सुटायला लागलेत, आणि काच म्हणून प्लास्टिक. कापायची तर हिला कापा, करवत मी देते. नाही, टेबलावर नको ती, खुर्चीवर ठेवा, टेबलावर फक्त कागद. आणि कागदाला बोट लावू नका — मी हे पांढरे हातमोजे घालून बसलेय ते काही कुणाच्या लग्नाला निघालेय म्हणून नाही. काय म्हणालात? डाग? कुठाय डाग? अच्छा, हा. हा खालचा. म्हणजे डाग कापला की चित्रही स्वच्छ होणार आणि फ्रेमही बसणार, असं गणित आहे होय तुमचं. छान आहे. घरी एकटेच बसून मांडलंत, का बायकोने मदत केली?

तुम्हाला माहीत तरी आहे का हे कुणाचं आहे ते? आहे ना. रोझेबोमचं. मेल्कर्ट रोझेबोम, कवी आणि चित्रकार — दोन्ही. म्हणजे चित्रकारांनी खोलात जाऊन काही विचारलं की हा कवी, आणि कवींनी विचारलं की हा चित्रकार. आता मेलाय, त्यामुळे तर फारच मोठा झालाय. नगरपालिकेने त्याची कविता मासेवाल्याच्या भिंतीवर रंगवलीय, बघितली असेल — हेरिंग खायला उभं राहिलं की वाचावीच लागते, दुसरीकडे मान फिरवायची सोय नाही, दुसरीकडे चिरलेला कांदा, डोळे झोंबतात. शाळेची पोरं रांगेत आणतात, आणि त्यांची बाई विचारते, कवीला इथे काय म्हणायचं आहे? अहो, कवीलाच माहीत नव्हतं. मी विचारलं होतं एकदा. तर म्हणाला, आफ्के, युद्धानंतर शब्दांना अर्थच उरलेला नाही. म्हटलं, मग एवढे वापरता कशाला? त्यावर हसला, वहीत काहीतरी लिहून घेतलं, आणि पुढच्या पुस्तकात ते वाक्य त्याच्या नावावर छापून आलं.

आणि हे बघा ना, हे मधलं काय आहे? राजा आहे का कोंबडा आहे? डोळे तीन. दात कंगव्यासारखे. डोक्यावर मुकुट, नाहीतर शिडी, तुम्हाला आवडेल ते समजा. पोट उघडं आणि पोटात आणखी एक तोंड, तेही ओरडतंय. तेव्हा सगळे असंच काढायचे. युद्ध संपून सतरा वर्षं झाली होती तरी ह्यांचा राग संपत नव्हता. ज्यांनी युद्धाच्या शेवटच्या उपाशी हिवाळ्यात ट्यूलिपचे कांदे उकडून खाल्ले ते गप्प राहिले — मी खाल्लेत, सात वर्षांची होते, घसा जळतो — आणि ज्यांच्या बापाची बेकरी होती त्यांना राग आला. रोझेबोमच्या बापाची बेकरी होती. पण रेघ होती त्याच्या हातात, ते मी नाकारत नाही. ही पाठीची रेघ बघा, एका दमात, कुठे थांबलाय का तो? नाही थांबलेला. थांबायची सवयच नव्हती.

पण हे छापलं कुणी ते नाही विचारलंत. कुणीच विचारत नाही. माझ्या नवऱ्याने, सीब्रांतने. इथेच, मागच्या खोलीत, आता मी तिथे काचा ठेवते. शिळाछाप आहे ही. दगड असायचा, बव्हेरियातून आलेला, दोघांना उचलत नाही असा, त्यावर चरबीच्या शाईने उलटं चित्र काढायचं, मग डिंक आणि तेजाब चढवायचं, मग पाणी, मग शाईचा रूळ फिरवायचा — जिथे चरबी तिथे शाई बसते, बाकीच्या जागी पाणी तिला बसू देत नाही. झालं, एवढंच. तेलाचं आणि पाण्याचं जमत नाही, त्यावर ह्या सगळ्या कलावंतांची पोटं भरली. फक्त दगडाला हे कळत नाही की चरबी चित्रकाराने लावलीय का आणखी कुणाची लागलीय. नाकाचा घाम पडला तरी तो घेतो, केस पडला तरी घेतो. आणि लगेच दाखवत नाही हो — तीच तर गोम आहे. दगड कोरा दिसतो. रूळ फिरवला की मग उगवतं. म्हणून आमच्याकडे नियम होता: मागच्या खोलीत लोणी नाही, चीज नाही, सॉसेज नाही, साबणाने हात धुतल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही. साडेदहाला कॉफी, तीही उंबऱ्याच्या अलीकडे. मी कप मांडणार, सीब्रांत बिस्किटांचा डबा उघडणार, प्रत्येकी एक, डबा बंद. राणी स्वतः येऊन बसली असती तरी तिला एकच मिळालं असतं. रोझेबोम दोन घ्यायचा. दुसरं घेताना माझ्याकडे बघायचा. सीब्रांत नुसता झाकणाकडे बघत राहायचा.

आणि ही निळी गोलं, ही पण तुम्हाला घाण वाटतात ना? ही सीब्रांतची पेन्सिल. द्या ते भिंग जरा इकडे — अरेच्चा. ह्याला नंबर नाही. पन्नास छापले होते आणि खाली प्रत्येकावर नंबर आणि सही, ह्याला काहीच नाही, म्हणजे हा पहिला कागद. अहो, पहिला कागद कुणाच्या घरी नसतो. दगड तयार झाला की आधी एक काढायचा, तो विकायचा नाही, त्यावर सीब्रांत निळ्या पेन्सिलीने चुका घेरायचा, मग चाकूने दगडावरून तेवढं खरवडायचं, आणि मग खरी छपाई. पहिला कागद दुपारी शेगडीत जायचा. न चुकता. हा कसा वाचला कोण जाणे. बघा, मोजा — अकरा गोलं आहेत. इथे मुंगीच्या डोक्याएवढा ठिपका, त्याला गोल. इथे पापणीचा केस पडलाय, बहुतेक त्याचाच, त्याला गोल. आणि इथे खाली, ज्याला तुम्ही डाग म्हणता — नीट बघा, डाग नाही तो, हात आहे. पंजाच्या पंजा, चार बोटं, अंगठा, तळव्यावरच्या रेषासुद्धा आल्यात. चित्रात कुणी काढलेला नाही, दगडावर टेकलेला हात आहे. एवढा मोठा. आणि त्याला गोल नाही. असा होता माझा नवरा. पापणीचा केस दिसला, हात नाही दिसला.

म्युझियमची एक बाई आली होती आमस्टरडॅमहून, कानात माशाच्या गळांसारखं काहीतरी अडकवलेलं. रोझेबोमवर पुस्तक लिहीत होती. ती म्हणाली, हा हात म्हणजे उपासमारीत मेलेल्यांचा हात, चित्राच्या तळातून वर येणारा, आणि ही करंगळी बघा, हिचं वरचं पेर नाही — हे युद्धाने छाटलेलं बालपण आहे. सोळा पानं लिहिली होती तिने करंगळीवर. सोळा. मला मोठ्याने वाचून दाखवली, ह्याच खुर्चीत बसून, मध्येच तिचा आवाजही भरून आला. मी म्हटलं, असेल बाई, तुम्ही शिकलेली माणसं. कॉफी दिली, एक बिस्किट दिलं. तिला काय सांगणार, की ते युद्ध नाही, कटिंग मशीन आहे म्हणून? होर्नला माझ्या बापाचं बाइंडिंगचं दुकान होतं, सोळाव्या वर्षी चामडं सरळ करायला गेले आणि बापाने दांडा खाली ओढला, माझी —

काही नाही. बोलता बोलता आपलं. कागदाला घडी पडलीय का बघते. — काय बघताय? हातमोजा आहे. हो, डाव्या करंगळीचं टोक लोंबतंय, हातमोजेवाले सगळ्यांना सारख्याच मापाचे करतात, माझ्यासाठी वेगळे कोण शिवणार? बघा, बघून घ्या एकदा नीट. आणि आता कागदाकडे बघा. हं. तुम्हाला पाच मिनिटं लागली. म्हणजे तुमचे डोळे माझ्या नवऱ्यापेक्षा बरे.

आता कळलंच आहे तर अर्धवट कशाला ठेवू. लोकांनी कधी विचारलंच तर मी सांगते की कुणाचा तरी लोण्याचा हात लागला असेल. लोणी नव्हतं. तेल होतं. बासष्टचा डिसेंबर, एकतीस तारीख, ओलीबोलनचा, तळलेल्या गोड गोळ्यांचा दिवस. त्या दिवशी ज्या घरातून तळणीचा वास येत नाही त्या घराला आख्खी गल्ली वर्षभर नावं ठेवते, तुम्हाला माहीतच आहे. सकाळपासून मी कढईशी — पीठ, मनुका, सफरचंद, आणि कोपरापर्यंत तेल. दुपारी सीब्रांत एक पातेलं फडक्यात बांधून बेर्गनला गेला, आईकडे, सायकलवर, त्या बर्फातून — काय बर्फ होता त्या वर्षी — कारण त्याच्या आईला गरम लागायचे. बेर्गनला पोचेपर्यंत गरम काय डोंबल राहणार, पण दर वर्षी जायचं म्हणजे जायचं. आणि मागच्या खोलीत रोझेबोम होता, ह्या चित्रावर शेवटचा हात फिरवत. मी ताटलीत दोन घालून नेले. उंबऱ्याच्या अलीकडूनच देणार होते, देवाशप्पथ. तर म्हणाला, आत ये ना आफ्के, बर्फाचा उजेड बघ कसा आत आलाय. गेले. चोवीस वर्षांची होते. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि चार वर्षांत सीब्रांतने मला उजेड बघ असं कधी म्हटलं नव्हतं. तो म्हणायचा, दिवा मालव.

मग काय झालं? काय व्हायचंय. तो कवी होता, आणि मला घरात एकच बिस्किट मिळत होतं. मी मागे टेकले, दगडाच्या कडेला, आणि डावा हात मागे टेकवला, तळवा पूर्ण दाबून, बराच वेळ — कुठे टेकवलाय ह्याचं मला भान नव्हतं. दगडाला होतं. तो माझ्या कानाशी म्हणाला, हजार हात समोर मांडले तरी तुझा हात मी अंधारात ओळखीन. आता हे असलं वाक्य तो कितीजणींना म्हणाला असेल मला माहीत नाही, पण मला म्हणणारा तो पहिलाच होता. म्हणाला, सहा तारखेला सकाळच्या गाडीने पॅरिस, येतेस? मी हो म्हटलं. हसू नका. मी खरंच हो म्हटलं. माळ्यावरची सुटकेस काढली, धूळ पुसली, पलंगाखाली सारली. संध्याकाळी सीब्रांत आला, रिकामं पातेलं माझ्या हातात दिलं, आई म्हणाली मनुका कमी आहेत असं सांगितलं, आणि शिट्टी वाजवत दगडावर डिंक चढवायला गेला. खालची पट्टी कोरी दिसत होती. मी बघितली ना जाऊन, हात पुसत पुसत, काही नाही तिथे, कोरी.

दोन तारखेला सकाळी त्याने रूळ फिरवला. मी कॉफी घेऊन उंबऱ्यापाशी आले तर हा कागद समोर ठेवून, निळी पेन्सिल हातात घेऊन उभा, आणि कागदावर खाली माझा हात. काळाभोर. बशीत सांडली माझ्याकडून कॉफी, त्याने वर बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात रोझेबोम आला, बर्फ झटकत, गाणं म्हणत. सीब्रांतने कागद त्याच्यापुढे धरला आणि विचारलं — शांतपणे, तो सगळंच शांतपणे विचारायचा, बटाटे अजून आहेत का हेसुद्धा — 'हा हात कुणाचा?' मी दाराशी. मला वाटलं, आता. आता हा ओळखणार, आणि मग जे व्हायचं ते होऊ दे. रोझेबोमने कागद लांब धरला, मान तिरकी केली, एक डोळा मिटला, आणि म्हणाला, 'माझाच असणार. टेकवलेला आठवत नाही, पण काय जमलाय.'

माझाच म्हणे. करंगळी आखूड असलेला हात, आणि ह्याची पाचही बोटं धडधाकट, पाचांनी बिस्किटं उचलायचा. दोन दिवस झाले होते, साहेब. हजार हात नव्हते समोर, एकच होता, आणि अंधार नव्हता, ढळढळीत सकाळ होती. उलटा छापला गेलाय म्हणा — दगडावरचं कागदावर उलटं येतं, डावा हात उजवा दिसतो — म्हणून मी त्याला माफ करायचा प्रयत्नही केला, पाचेक मिनिटं. मग वर गेले आणि सुटकेस माळ्यावर टाकली. पण सीब्रांतचं काय? त्याचा तर जन्म उलटं बघण्यात गेलेला, दगडावरची उलटी अक्षरं तो वर्तमानपत्रासारखी वाचायचा. चार वर्षं ह्याच हाताने त्याला वाढत होते मी. तो नुसतं 'बरं' म्हणाला. 'मग राहू दे ना हा?' 'राहू दे, राहू दे,' रोझेबोम म्हणाला, आणि तिथल्या तिथे चित्राला नाव ठेवलं, 'हात कुणाचाच नाही'. पन्नास कागद काढले सीब्रांतने माझ्या हाताचे, एकेक, वाळत घातले दोरीवर, आणि मी त्यांच्या खालून वाकून कोळसा आणायला जायची. आणि हो, एक गंमत सांगायची राहिली — त्या दिवशी कॉफीला बसलो, प्रत्येकी एक झालं, आणि सीब्रांतने डबा बंद न करता माझ्यापुढे सरकवला. 'घे अजून एक' म्हणाला. मला वाटलं मोजायला चुकला. अडतीस वर्षांच्या संसारात तेवढं एकदाच चुकला.

रोझेबोम गेला पॅरिसला, सहा तारखेला. एकटा गेला का ते मी विचारलं नाही. मग तिकडेच छापायला लागला, मोठा झाला. पुढे वीस-बावीस वर्षांनी म्युझियममध्ये त्याचं प्रदर्शन होतं, आम्हाला बोलावणं होतं, सीब्रांत सूट घालून, मी हिरवा ड्रेस घालून. ह्याच चित्राखाली उभा होता तो, पोट सुटलेलं. माझ्या उजव्या हातात ग्लास, म्हणून मी डावा पुढे केला. त्याने तो धरला, ओठ टेकवले, हो, ह्याच हातावर, वर भिंतीवर हा हात टांगलेला — आणि म्हणाला, आपण आधी कुठे भेटलोय का? मी म्हटलं, नाही हो, मी फ्रेमवाली. त्या रात्री मी घरी येऊन इतकी हसले, इतकी हसले की सीब्रांतने पाणी आणून दिलं. काय झालं म्हणून नाही विचारलं.

पण रोझेबोमचं सोडा, तो परका. राग मला सीब्रांतचा होता. चौतीस वर्षं त्याला आंधळा म्हणाले मी, तोंडावर, चारचौघांत. सूपमध्ये केस सापडला त्याला की मी म्हणायची, हो, केस बरा दिसतो तुला. तो पावाला लोणी लावत बसायचा, कडेपर्यंत, सगळीकडे सारखं. ह्या चित्राचा एकही कागद मी घरात ठेवू दिला नाही, तरी त्याने का म्हणून विचारलं नाही. गेल्या मार्चमध्ये गेला. शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात माझा हात धरून ठेवायचा आणि ह्या थोट्या करंगळीवरून अंगठा फिरवत राहायचा, तासन्‌तास. मी म्हटलं, आता दिसली होय? तर हसला. मला वाटलं, औषधाने हसतोय.

असो. तुम्ही सांगितलंच नाही, तुमच्याकडे हा कागद आला कुठून. काकांचा? कोण काका? — हार्मन? पियानो सुरात लावणारा हार्मन, दर गुरुवारी आमच्याकडे बुद्धिबळाला यायचा तो? मग तू हार्मनचा पुतण्या, आणि मी मघापासून अहो-जाहो करतेय. नाकावरून कळायला हवं होतं मला. अंत्यविधीला आले होते मी त्याच्या, केक कोरडा होता, तूच आणला होतास ना? बरं, ते असू दे. हार्मनच्या घरी हे कधी दिसलं नाही मला. कपाटात? कपाटामागे, पाठ बाहेर करून? आणि फ्रेम सीब्रांतने केलेली — जुनी, अक्रोडाची, मागे आमच्या दुकानाचा शिक्का — आणि आतलं पुठ्ठ्याचं माउंट एवढं रुंद की खालचा हात झाकलेला, काच फुटली म्हणून तू उघडलंस तेव्हा तुला पहिल्यांदा दिसला. म्हणजे सीब्रांतने त्याला ठेवायला दिला. शेगडीत टाकायचा सोडून ह्याने हा बांधला, झाकला, आणि गल्लीच्या त्या टोकाला नेऊन ठेवला. मला न सांगता. का पण? चुकलेला कागद. गोलं मारलेला.

थांब, दिवा जरा खाली ओढते. तिरक्या उजेडात बघावं लागतं, कागदाला ओल लागली असेल तर पोक येतं. कोपरा ठीक आहे. वर ठीक आहे. इथे जरा — हे काय आहे? नाही, तू नको वाकूस, उजेड अडतोय, बाजूला हो. इथे खाच आहे. हाताभोवती. रंग नाही, खोडलाय, पण पेन्सिल दाबलेली कळतेय. मनगटापासून निघालीय, अंगठ्याच्या बाहेरून वर, बोटांवरून अशी पलीकडे — आणि करंगळीशी थांबलीय. पुढे नाही. पुरं नाही केलेलं गोल. करंगळीपर्यंत आला आणि थांबला, आणि मग खोडलं. बाकीची अकरा तशीच ठेवली, हे एकच खोडलं.

म्हणजे हात कुणाचा ते दिसलं होतं त्याला. मी कप घेऊन आले तेव्हा त्याला कळून चुकलं होतं. आणि मग त्याने त्या माणसाला विचारलं, हा हात कुणाचा — माझ्यासमोर विचारलं, मुद्दाम. त्याने 'हिचा' म्हटलं असतं ना, एवढं जरी म्हटलं असतं, तर सीब्रांतने मला जाऊ दिलं असतं. ओरडला नसता. सुटकेस स्वतः खाली आणून दिली असती, कड्या तपासून. आणि तो माणूस म्हणाला, माझाच. आणि हा म्हणाला, बरं. आणि डबा सरकवला माझ्यापुढे. आणि मी — हॉस्पिटलातसुद्धा मी त्याला म्हटलं, आता दिसली होय. असं म्हटलं मी. त्याला.

काय? काय म्हणालास? मग निदान दोन बोटं तरी? ऊठ. ऊठ आधी त्या स्टुलावरून. ती फ्रेम उचल आणि घेऊन जा, पावती असेल तर परत घेतील ते. कागद इथे राहील. कधीपर्यंत ते मला माहीत नाही, गुरुवारी ये — ह्या नाही, पुढच्या. मी सांगेन तेव्हा ये. हार्मनचा पुतण्या आहेस ना, मग एवढं ऐक माझं. हो, काढला मी हातमोजा. माझा हात आहे, मी ठेवीन कागदावर. उलटा आहे, जुळत नाही, माहितेय मला, शिकवू नकोस. आणि जाताना दारावरची पाटी फिरव, बंद म्हणून. साडेदहाच वाजलेत, मला कळतं घड्याळ. जा.